मिशीवाले महिला सदस्य

ती घटना आठवली की आजही माझ्या डोळ्यांपुढे मलमाची डबी येते. पोलीस खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला बेड्या आठवाव्यात, पाठलाग आठवावेत. मला आठवते ती आमच्या ठाण्याच्या प्रथमोपचार पेटीतली भाजल्यावर लावायची डबी. कारण ज्या माणसाला मी शोधत होतो, त्याच्या हाताला ते मलम मी माझ्याच केबिनमध्ये, माझ्याच बोटांनी लावलं होतं. वर त्याच्यासाठी टाळ्याही वाजवायला लावल्या होत्या.

नावं कुणाचीच सांगणार नाही. ठाणं जालना जिल्ह्यातलं, गाव कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जाणारं, एवढं पुरे. मी मूळचा भोकरदनकडचा, तेव्हा ठाण्याचा प्रभारी आणि निवृत्तीकडे डोळे लावून बसलेला.

त्या सुमारास वरून एक आदेश आला. दिल्लीहून निघाला, मुंबईत थांबला आणि जालन्याहून माझ्या टेबलावर येऊन पडला. केंद्र सरकारनं धोरणच धरलं होतं, की शांतता आणि सुरक्षेच्या कामात बायकांना नुसतं सांभाळायचं नाही, निर्णयालाही बसवायचं. ठाण्यात महिला मदत कक्ष काढा, शांतता समितीत महिला सदस्य घ्या, पोलिसांत त्यांची संख्या वाढवा, परदेशातल्या शांती मोहिमांवर महिला अधिकारी पाठवा.

आदेश पाळण्यात माझा हात कुणी धरला नसता. जिन्याखाली, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या शेजारी, एक टेबल टाकलं. वर पोस्टर चिकटवलं. झाला महिला कक्ष. शांतता समितीत गावोगावच्या महिला सदस्यांची नावं घातली. पहिल्या बैठकीला नावांप्रमाणे सगळ्या जागा भरल्या आणि मी वर कळवून टाकलं, की महिला सदस्यांची उपस्थिती पूर्ण. आता त्या जागांवर बसलेल्या प्रत्येकाला मिशी होती, ही गोष्ट कळवायला अहवालात रकानाच नव्हता. बायको सदस्य, बैठकीला नवरा. आमच्याकडे कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. एकानं तर मला समजावूनच सांगितलं, "साहेब, ती काय बोलनार? म्या हाय ना तिच्या वतीनं."

त्याच आदेशाच्या पाठोपाठ एक सहायक पोलीस निरीक्षक आमच्याकडे बदलून आल्या. आफ्रिकेतल्या एका शांती मोहिमेवर संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून आल्या होत्या. मी त्यांना मॅडम म्हणायचो, अजूनही म्हणतो. त्यांच्याबद्दल माझ्या मनात थोडी खुन्नस होती, ती का, तेही सांगून टाकतो. त्याच मोहिमेच्या निवड चाचणीला एके काळी मीही गेलो होतो. इंग्रजीत कसाबसा तरलो, नेमबाजीत बरा होतो, पण गाडी मागे घेताना लोखंडी ड्रमला धडकलो. ड्रम गडगडत परीक्षकाच्या पायाशी गेला आणि मी जालन्याला परत आलो. तेव्हा निळ्या टोपीवाल्या बाईंना मी कोणतं काम दिलं असेल? जिन्याखालचं टेबल.

मॅडमनी पहिल्या दिवशी पोस्टर सरळ केलं आणि विचारलं, "सर, शांतता समितीच्या महिला सदस्यांना भेटायचंय."

मी म्हणालो, "येतात की बैठकीला."

"मी मागच्या बैठकीचा फोटो पाहिला," मॅडम म्हणाल्या आणि टेबलावरची धूळ पुसायला लागल्या. त्यांचं असं अर्ध्यावर सोडणं मला फार लागायचं.

थंडीचे दिवस होते. कापसाच्या वेचण्या संपत आल्या होत्या. वेचणी झालेल्या रानात मेंढपाळ मेंढ्या चारतात, रात्री तिथंच बसवतात, रानाला खत मिळतं आणि शेतकरी त्याबदल्यात धान्य देतो. पिढ्यानपिढ्यांचा व्यवहार आहे. त्या गावाच्या शिवारातही एका मेंढपाळाचा वाडा, म्हणजे मेंढरं, कापडाचं पाल आणि बिऱ्हाड मिळून सगळा संसार, उतरला होता. त्यांच्या मेंढ्या वेचणी न झालेल्या एका पट्टीत शिरल्या आणि शेताचा मालक आणि मेंढपाळाची पोरगी यांच्यात कडाक्याचं भांडण झालं. पोरगी बारावी झालेली, बोलायला चुणचुणीत. तिनं मालकाला चारचौघांत सुनावलं होतं, "काट्याची कुपाटी तुमी लावायची न्हाई आन् शिव्या आमी खायच्या का?"

दोनच दिवसांनी पहाटे त्या मालकाच्या आखाड्याला, म्हणजे शेतातल्या छपराला, आग लागली. आत भरलेला कापूस पुरता जळाला. मी पंचनाम्याला गेलो तेव्हा काळ्या ढिगातून अजून धूर निघत होता. जळिताची नोंद स्टेशन डायरीला केली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि दुपारी, गाव तापू नये म्हणून, शांतता समितीची तातडीची बैठक केबिनमध्ये बोलावली.

त्या गावच्या महिला सदस्याच्या खुर्चीवर तिचा नवरा बसला होता. हा जळालेल्या आखाड्याच्या मालकाचा धाकटा भाऊ. उजव्या हाताला धुडकं गुंडाळलेलं.

"हाताला काय झालं?" मी विचारलं.

"राखनीला म्याच व्हतो साहेब. जरा घरी चहाला गेल्तो. तेवढ्यात वरडा झाला. पळत आलो, विझवाया गेलो, हात भाजला." आणि मान खाली घालून म्हणाला, "त्या मेंढरावालीला पळताना बघितलंय लोकायनी. आखाड्याकडूनच येत व्हती."

माझं मन भरून आलं. असा भाऊ हवा! मी प्रथमोपचार पेटी मागवली, त्याचं धुडकं सोडलं, मलम लावलं, पांढरी पट्टी बांधली आणि सगळ्यांना म्हणालो, "भावाच्या मालासाठी आगीत हात घातला. वाजवा टाळ्या." सगळ्या मिशीवाल्या महिला सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी वाजवल्या नाहीत.

आता माझा तपास सरळ होता. भांडण झालेलं, आग लागलेली, पोरगी पळताना दिसलेली. मी हवालदाराला म्हटलं, "जीप काढा, आणा तिला."

"सर, महिलेला चौकशीसाठी ठाण्यात आणता येत नाही. जबाब तिच्या राहत्या ठिकाणी घ्यावा लागेल," मॅडम म्हणाल्या.

कायदा मलाही ठाऊक होता, फक्त त्या वेळी आठवत नव्हता. राहतं ठिकाण म्हणजे मेंढरांचा वाडा. तिथं खुर्ची नव्हती. मला ज्वारीच्या पोत्यावर बसवलं. एका कोकरानं माझ्या बुटाची नाडी तोंडात धरली ती जबाब संपेपर्यंत सोडली नाही. असा रुबाब घेऊन मी कडक आवाजात विचारलं, "पहाटे कुठं पळत होतीस?"

"रोजच पळते साहेब. डांबरी सडकेनं, तांबडं फुटायच्या आधी. नंतर मेंढरं सोडावी लागतेत, टाईम भेटत न्हाई."

"कशाला पळतेस?"

तिनं माझ्या खांद्यावरच्या ताऱ्यांकडे बघितलं. "भरतीसाठी. पोलीस भरती. मैदानी झाली, लेखी झाली. नाव लागलंय माझं."

"मग आखाड्याकडून का पळत आलीस?"

"जाळ दिसला म्हनून! आखाड्यापाशी कुनी नव्हतं. मंग गावात पळाले. पहिलं दार लागतं ते धाकल्या मालकाचं. दार वाजवलं, आग आग म्हनून वरडले. त्याच्या बायकोनंच दार उघडलं. इचारा तिला."

"आणि भांडण?"

"भांडले की. भांडले तर तोंडावर भांडले. आग लावायला मला अंधार कशाला लागतो?" तिचा बाप मधे पडला, "आगं, हळू बोल, साहेब हायत." ती थांबली नाही. तिचा आवाज मात्र खाली आला. "साहेब, गुन्ह्यात माझं नाव लिहू नका. चारित्र्य पडताळणीला एकदा नाव आलं की संपलं बघा. आमच्या सगळ्या वाड्यात कुनी कचेरीत न्हाई, कुनी वर्दीत न्हाई. मी पहिली हाय."

माझ्या अनुभवी मेंदूनं काय ठरवलं असेल? पोरगी हुशार आहे, गोष्ट रचून सांगते. डिसेंबरच्या थंडीत अंधारात कोण पळतं? मी स्वतः भरती झालो तेव्हा पळालो होतो, त्यानंतर मला पळताना कुणी पाहिलेलं नाही. त्यामुळे जगात कुणीच पळत नसावं, असा माझा समज.

मॅडमनी जाताना तिच्या बुटांचे तळ पाहिले, ते झिजून पायाला लागले होते. मी विचारलं, "बुटात काय पुरावा?" त्या म्हणाल्या, "पुरावा नाही सर. पण मेंढरांमागे चप्पल पुरते." तरीही मी त्या धाकट्याच्या बायकोचा जबाब घेण्याची सूचना लगेच दिली. हवालदार गेला आणि परत आला. बाई ओट्यावर होत्या, नवरा शेजारी होता, आणि सगळी उत्तरं नवऱ्यानं दिली. बाईंचा अंगठा घेता आला नाही, कारण त्या सही करतात, आणि नवरा म्हणाला सही उद्या देईल.

दुसऱ्या दिवशी कुंभार पिंपळगावचा बाजार. सकाळीच गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. दबका आवाज. "साहेब, लई वंगाळ चालू हाय. बाजार उठला की पोरं वाड्यावर जानार हायत. काठ्या ठेवून राह्यलेत टेम्पोत. मेंढरं हाकलायची न् पाल पेटवायचं म्हनतेत. जल्दी या."

पाठोपाठ शेतमालक ठाण्यात हजर. "साहेब, त्या पोरीच्या नावानं गुन्हा दाखल करा. न्हाईतर पोरं माझं बी ऐकनार न्हाईत."

मी हिशोब मांडला. जादा बंदोबस्त जालन्याहून यायला वेळ लागणार. पोरीचं नाव लिहिलं तर गाव थंड होईल. नंतर तपासात निर्दोष निघाली तर निघाली. तशी मी ठाणे अंमलदाराला हाकही मारली.

मॅडम आत आल्या, दार लोटलं आणि म्हणाल्या, "सर, तिकडं आफ्रिकेत दोन गावांत मारामारी व्हायची तेव्हा आम्ही बैठक घ्यायचो. आमचा पहिला प्रश्न असायचा, कोण आलं नाही? जे आले नाहीत त्यांनाच बहुतेक सगळं ठाऊक असायचं. आपल्या कालच्या बैठकीला कोण आलं नव्हतं?"

"सगळे होते."

"महिला सदस्य?"

मी छताकडे पाहिलं. पंखा थंडीमुळे बंद होता, त्यामुळे बघण्यासारखं तिथंही काही नव्हतं.

"बाजार उठेपर्यंत मला द्या," मॅडम म्हणाल्या. "तेवढ्यात काही निघालं नाही, तर पोरांना मी वाड्याच्या वाटेवर अडवते. पण तिचं नाव तोवर लिहू नका. एकदा लिहिलं की ते पुसायला तिचं आयुष्य जाईल."

ही बाई हट्टाला पेटली होती आणि खरं सांगायचं तर मला तिच्या हट्टाचा आधार वाटला. मी मालकाला सांगितलं, "संध्याकाळपर्यंत थांबा." तो पाय आपटत गेला.

मॅडमनी शाळेच्या खोलीत बैठक लावली. घरोघर स्वतः गेल्या. सरपंचबाई, बचत गटाच्या दोघी-तिघी, वेचणीला जाणाऱ्या बायका, मेंढपाळाची पोरगी आणि त्या गावच्या खऱ्याखुऱ्या महिला सदस्य, धाकट्याची बायको. नवरे सवयीनं मागोमाग आलेच. मॅडमनी त्यांना दारातच हात जोडले. "आज सदस्यच बसणार. आपण बाहेर." आणि मग माझ्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणाल्या, "सर, बाहेरचा बंदोबस्त आपल्याकडे."

म्हणजे ठाण्याचा प्रभारी अधिकारी, नवऱ्यांच्या राखणीला! व्हरांड्यात सतरंजी टाकली, चहा मागवला. धाकटा सारखा उठत होता.

"कुठं चाललात?"

"तिला भाकरी टाकायच्यात घरी."

"बसा हो. चहा घ्या. हात कसा आहे?"

"बरा हाय," तो म्हणाला आणि पट्टीचा हात मांडीखाली सरकवला. माणूस भाजलेला हात उगाच मांडीखाली घालत नाही. इतकं मात्र माझ्या ध्यानात आलं. उशिरा का होईना.

खिडकी उघडी होती. आतलं ऐकू येत होतं. आधी खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले. मग एक वेचणीवाली म्हणाली, "मॅडम, हे खुर्चीवर बसून बोलायचं आमाला जमत न्हाई." मॅडम म्हणाल्या, "मलाही नाही," आणि खाली बसल्याचा आवाज आला. नंतर बायका बोलायला लागल्या त्या थांबेनात. पोरगी रोज पळते हे वेचणीच्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. पहाटे डबे भरून टेम्पोची वाट बघत त्या सडकेवरच उभ्या असत. एक म्हणाली, "आमी तर तिला हसतो, म्हनतो, आगं, मागं वाघ लागला का?"

"मग काल पोलिसांना का नाही सांगितलं?"

"कोन इचारलं आमाला?"

ते उत्तर खिडकीतून सरळ माझ्या अंगावर आलं. मी चहाचा कप तोंडाला लावला, तो रिकामा होता.

मग पोरीचा आवाज. "काकू, मी तुमच्या दारात वरडले. तुमीच दार उघडलं. खरं का न्हाई?"

व्हरांड्यात धाकटा पुन्हा उठला. मी त्याला खाली बसवलं.

"खरं हाय," त्याची बायको म्हणाली.

"तेव्हा तुमचे यजमान कुठं होते?" मॅडमनी विचारलं.

आत बांगड्या वाजल्या. मग ती म्हणाली, "मॅडम, मला नंतर घरीच जायचंय."

"जायचंय. आणि नीट जायचंय. मी आज येईन, उद्या येईन, रोज येईन. माझा नंबर देते, अर्ध्या रात्री लावा."

सरपंचबाई म्हणाल्या, "मॅडम कशाला पायजे? शेजारी मी ऱ्हाते. त्यानं हात तर लावू दे तुला." दोघी-तिघींनी हुंकार भरला.

"ही पोरगी दारात वरडली," ती बाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज खिडकीच्या बाहेर पडावा इतका मोठा होता, "तवा त्याह्यचा हात रांजनात व्हता. पान्यात बुडवून बसले व्हते. आदीच भाजून आल्ते घरी. वरडा मंग झाला. काल म्हनले, साहेबानं टाळ्या वाजवल्या. मला रातभर झोप न्हाई. ही लेकराची जात, वर्दीला लागाया निघालीय, आन् माझ्या खुर्चीवर बसून तिचं नाव घेतलं. ती खुर्ची माझी हाय ना, मॅडम?"

मी धाकट्याकडे वळलो. त्याला दरडावायची गरज पडली नाही. "या," म्हणालो आणि शाळेच्या मागच्या वर्गात नेलं. बाकावर समोरासमोर बसलो. मी त्याची पट्टी सोडायला लागलो, माझीच गाठ, माझ्यानेच सुटेना. घट्ट बांधली होती, कौतुकानं.

"विझवताना तळहात भाजतो का, मनगटाची वरची बाजू?" मी विचारलं. त्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं, आजही नाही. पण तो कोसळला.

"मुद्दाम न्हाई केलं साहेब. आईची आन. थंडी लई व्हती. आखाड्यातच शेकोटी केली, डोळा लागला. जाग आली तर कापूस पेटलेला. ओढाया गेलो तर हात भाजला, भ्यालो, घरी पळालो. दादानं मला जित्ता सोडलं नसतं. मंग ती पोरगी पळताना दिसली लोकायला..."

"आणि काठ्या? पाल पेटवायचं कुणी काढलं?"

त्यानं पट्टीचा हात मागे ओढला. त्याचं रडणं थांबलं. तेवढ्यावरून मला कळलं.

आगीपुरती चूक हलगर्जीपणाची होती. पण खोटी माहिती देणं आणि जमावाला चिथावणं ही वेगळी गोष्ट. त्याप्रमाणे रीतसर गुन्हा नोंदवला, टेम्पोतल्या काठ्या जप्त केल्या, पोरांना प्रतिबंधक नोटिसा दिल्या. त्या बाईंचा जबाब मॅडमनी त्यांच्या घरी घेतला. सही बाईंनीच केली, लफ्फेदार.

पण गाव शांत झालं ते माझ्या नोटिसांमुळे नाही. बाजारातून माणसं परतायला लागली तेव्हा त्या सगळ्या बायका पारावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. एरवी ज्या पाराला वळसा घालून जायच्या, त्याच पारावर. सरपंचबाईंनी झाला प्रकार सगळ्यांसमोर सांगितला. शेतमालक ऐकत ऐकत खाली बसला. मग मेंढपाळाला म्हणाला, "पाव्हनं, उद्या माझ्या रानात मेंढरं बसवा."

मेंढपाळ आदल्या दिवशी लेकीला हळू बोल म्हणणारा माणूस. तो म्हणाला, "बसवतो. पन आदी पोरीवर जे बोल्लात, ते हितंच मागं घ्या. समद्यांदेखत."

मालकानं घेतलं. अवघड गेलं त्याला, पण घेतलं.

पुढच्या शांतता समितीच्या बैठकीला मी दारात उभा राहिलो आणि मिशा अडवल्या. खूप आरडाओरडा झाला, दोन राजीनामे आले. जिन्याखालचं टेबल माझ्या केबिनशेजारच्या खोलीत गेलं आणि मोटारसायकली जिन्याखाली एकट्या राहिल्या. दिल्लीहून निघालेला आदेश चांगलाच होता. त्याला जिन्याखालच्या टेबलाएवढा करून टाकणारे आम्ही होतो. या प्रकरणानं मला एकच सवय लावली, कुठंही गर्दी दिसली की आता मी हजर माणसं मोजत नाही, नसलेली माणसं शोधतो, म्हणजे जी असायला हवी होती आणि नाहीत ती. माझ्या तपासातली सगळ्यात महत्त्वाची साक्षीदार माझ्याच समितीची सदस्य होती आणि तिच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला मी मलम लावत होतो, हे मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. आमच्या घरीही सोसायटीच्या बैठकीची सूचना आली की सौ. आधी माझ्याकडे बघते आणि मग पर्स उचलते. फ्लॅट तिच्या नावावर आहे.

परवा मंठ्याला एका लग्नाला निघालो होतो. बंदोबस्तासाठी रस्ता वळवला होता, पण मी जुन्या सवयीनं गाडी सरळ आत घातली. एका महिला पोलिसानं शिट्टी फुंकून हात आडवा केला. वर्दी कडक, बूट कोरे. मी ओळखलं. तिनं माझ्याआधी ओळखलं होतं.

"साहेब, रस्ता बंद आहे. गाडी मागं घ्या," ती सलाम ठोकून म्हणाली.

मी रुबाबात गाडी मागे घेतली आणि मागचा लोखंडी ड्रम धाडकन पाडला. ड्रम गडगडत रस्त्याच्या मधोमध गेला. लोक थांबून बघायला लागले. मी घाईघाईनं गिअर टाकला.

ती खिडकीपाशी आली, वाकली, आणि हसू दाबत हळूच म्हणाली, "पळू नका साहेब. पळताना दिसलात तर लोक काहीबी नाव घेतेत."